दोन बोटं बाहेरची चाकं

आमच्या घराण्यात माणसं दोनच प्रकारची. एक शिवणारी आणि दुसरी शिवणाऱ्यांना अक्कल शिकवणारी. माझे वडील, म्हणजे अप्पा, पहिल्या प्रकारातले. माझा धाकटा भाऊ बंगळूरला मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, तो दुसऱ्या. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि अप्पांबरोबर राहिले, त्यामुळे दोघांचीही बोलणी ऐकायला मी कायम मोकळी.

आमचे पूर्वज कुठल्याशा राजाच्या फौजेचे तंबू शिवत म्हैसूरला आले, असं आमच्यात सांगतात. तंबू शिवत आले की नुसतेच पोटामागे आले, याचा पुरावा कोणाकडे नाही, पण राजाचं नाव घेतल्याशिवाय आमच्या लोकांना स्वतःचं मूळ सांगता येत नाही. पुढे भाषेवरून राज्यं वाटली गेली तेव्हाही आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. आई बेळगावकडची होती, तिने मला हाताला धरून मराठी लिहाय-वाचायला लावलं. भावाला ती ओढून थकली. तो मराठी बोलतो, वाचत नाही. म्हणून ही हकिगत मी मराठीत लिहिते आहे. त्याच्यापासून काही लपवून ठेवायला यापेक्षा सुरक्षित कपाट आमच्या घरात नाही.

चामराजपुरममध्ये आमच्या घराची पुढची खोली हेच अप्पांचं दुकान. शाळांचे गणवेश ही त्यांची खासियत. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात, आणि अप्पांच्या हातची माया साऱ्या म्हैसूरच्या शिंप्यांत गाजलेली. पोरगं पाचवीत शिवलेली चड्डी सातवीपर्यंत घालायचं, दर वर्षी अप्पा शिवण थोडी उसवून द्यायचे. त्यांचा एक नियम होता. माप घ्यायचं आणि वर दोन बोटं सोडायची. सैल कपडा आत घेता येतो, घट्ट झालेला बाहेर काढायला कापड कुठून आणणार? हे ते गिऱ्हाइकाला सांगायचे, कामगारांना सांगायचे आणि कोणी समोर नसलं तर मला सांगायचे. माप चुकलं म्हणून एकही कपडा आपल्या दुकानात परत आला नाही, हे वाक्य आमच्या विठ्ठल मंदिरात एकादशीच्या भजनानंतर ते अभंगाइतक्याच भक्तीने म्हणत. ऐकणारे सगळे शिंपीच. त्यांच्याकडे कपडे परत येत असत, त्यामुळे ते मान खाली घालून प्रसाद खात.

आता गाडीचं सांगते. अप्पांनी साठी जवळ आल्यावर गाडी शिकून एक छोटी मोटार घेतली. पॉवर स्टेअरिंगसारखे लाड तिला नव्हते. हुणसूरच्या एका शाळेचे गणवेश ते स्वतः पोचवायला जायचे. एसटीने गठ्ठे पाठवता आले असते, पण मालकाने स्वतः गाडी चालवत जाऊन उतरावं यात जी शान आहे ती एसटीच्या टपावर कुठली? त्या गाडीला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. मला गाडी चालवता येते, परवानाही आहे, पण त्याचा उपयोग घरात ओळखपत्र म्हणूनच झाला.

एकदा हुणसूरहून येताना खड्ड्यात आदळून पुढच्या चाकाची लोखंडी रिम वाकली. अप्पांनी स्टेपनी चढवली आणि घरी आले. गोष्ट एवढीच. ठोकून सरळ करणारे गल्लोगल्ली आहेत. पण अप्पांनी ती फोनवर भावाला सांगितली, आणि भावाला वडिलांसाठी काहीतरी करायची संधी मिळाली. बंगळूरच्या मुलांना अशी संधी क्वचित मिळते, मिळाली की ती सोडत नाहीत. चारही चाकांना चकचकीत अलॉय रिमा घालायच्या, त्याच्याकडून भेट, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकलं. रिमा यायच्या आधीच सत्तर माणसांनी हात जोडून त्याला पितृभक्त ठरवलं.

मग एका संध्याकाळी रिमा निवडायचा सोहळा झाला. अप्पा दुकानात, भाऊ फोनच्या स्पीकरवर आणि मी काजं करत कोपऱ्यात. भावाने सांगितलं की मापाच्या रिमा सापडल्या, व्यास तोच, रुंदी तीच, बोल्टांची भोकंही जुळतात. फक्त एका जागी ऑफसेट म्हणून आकडा आहे, त्यात दोन प्रकार मिळतात. एक पंचेचाळीसचा, एक वीसचा. अप्पांनी विचारलं, त्याने फरक काय पडतो. भावाने कुठेतरी वाचून सांगितलं की आकडा मोठा असला की चाक आत बसतं, लहान असला की बाहेर येतं. मूळ गाडीचा आकडा किती, हे त्याने बघितलं नाही. तो काही शिंपी नव्हता, माप कशाला घेईल?

अप्पांनी मात्र क्षणाचाही विलंब लावला नाही. पन्नास वर्षांचा अनुभव पाठीशी होता. "बाहेर म्हणजे सैल, हौदु की नाही? मग सैलच घे," ते म्हणाले. "घट्ट बसलं तर मत्ते, नंतर काय करणार तू?"

झालं. एका बाजूला माहिती होती आणि एका बाजूला अनुभव, दोघांनी मिळून गाडीला दोन बोटं माया सोडली. पोरं वाढतात म्हणून कपड्यात माया सोडतात. ती गाडी इतकी वर्षं दारात उभी होती आणि एक इंचही वाढली नव्हती, पण हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. मी काजं करत राहिले.

रिमा आल्या, चढल्या. चारही जुन्या लोखंडी रिमा अप्पांनी माळ्यावर टाकल्या. वाकलेली तेवढी त्यांनी आधीच ठोकून घेतली होती. शिंप्याच्या घरातून चिंधीसुद्धा बाहेर जात नाही, मग लोखंड कसं जाईल? स्टेपनीला पाचवी जुनी रिम राहिली, कारण भावाची भक्ती चारच चाकांची होती. गाडी दिसायला एकदम ऐटबाज झाली. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावत होती, पैलवान दंड फुगवून उभा राहावा तशी. गल्लीतली माणसं थांबून बघायची. अप्पा फडक्याने रिमा पुसत बसायचे आणि सहज म्हणून सांगायचे की मुलाने पाठवल्या. दिवसातून कितीदा सहज, ते विचारू नका.

आणि मग अप्पांचे हात दुखायला लागले.

गाडी वळवताना त्यांना दम लागे. गाडी दाराशी लावायची म्हणजे स्टेअरिंगशी कुस्ती. खड्ड्यातून गेली की स्टेअरिंग हातातून निसटू बघे. चाकं नवीन, चकचकीत, मुलाने पाठवलेली, त्यांच्यावर संशय कोण घेणार? अप्पांनी अलाइनमेंट करून घेतलं. अलाइनमेंटवाल्याने यंत्र लावलं, दिवे लावले, कागद हातात दिला आणि सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले, पुन्हा सगळं बरोबर निघालं. चाकं गाडीच्या बाहेर आली आहेत हे त्याच्या यंत्रात दिसत नव्हतं, आणि यंत्र असताना डोळ्यांनी बघायची पद्धत त्याच्याकडे नव्हती. वर त्याने अप्पांना वय विचारलं. अप्पांनी सांगितलं. त्याने मान हलवली.

त्या मानेने जो घोटाळा केला तो खड्ड्यांनी केला नसता. अप्पा घरी येऊन हात बघत बसले. नंतर थोड्याच दिवसांनी स्टेशनाजवळच्या वळणावर चाक खड्ड्यात गेलं, स्टेअरिंगने हिसका दिला आणि गाडी फूटपाथला लागून एका फुलवालीच्या टोपलीवर गेली. कोणाला काही झालं नाही. मोगरा तेवढा रस्ताभर झाला. फुलवालीने अप्पांना जे ऐकवलं ते ऐकून उभ्या रस्त्याचं मनोरंजन झालं. भावाला कळायला तासही लागला नाही, कारण आमच्याच नात्यातला एकजण तिथे हार घ्यायला उभा होता.

भाऊ रविवारी आला. चांगली कापडी पिशवीभर फळं घेऊन आला. अप्पांसमोर बसून त्याने हळू आवाजात समजावलं की वय झालं की हातातला जोर जातो, प्रतिक्रिया मंदावतात, यात लाज कसली, गाडी विकून टाकू, मी रिक्षाचं ॲप फोनमध्ये घालून देतो. उंटावरून शेळ्या हाकणारे निदान उंटावर असतात, हा तर बंगळूरहून हाकत आला होता. जाताना त्याने रिमांवरून हात फिरवला आणि गाडीला गिऱ्हाईक चांगलं येईल म्हणाला. मला त्याच क्षणी त्याला ती फळं परत द्यावीशी वाटली.

गाडी गेली असती तर गेली असती, लोखंडच ते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी कात्री खाली ठेवली.

शिंपीकामातलं हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. शिवणारे कामगार मिळतात, काजं करायला मी होते, पण कापड कापतो तो मालक. कात्री ज्याच्या हातात तोच दुकानाचा धनी. शाळेचं कापड एकावर एक थर लावून कापतात. हात जरासा कलला तर वरचा थर बरोबर आणि खालचा वाकडा, सगळ्या वर्गाचे शर्ट वाया. अप्पा म्हणाले की जो हात गाडी सरळ धरू शकत नाही तो कापड काय सरळ कापणार, आणि कापायचं काम त्यांनी दुकानातल्या कारागिराकडे दिलं. स्वतः स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची मापं सांगू लागले. मापं अजून ते स्वतःच घेत होते. त्या एका गोष्टीवर त्यांचा अजून विश्वास होता. मला इतका राग आला होता की मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. राग नक्की कोणावर ते माहीत नव्हतं, म्हणून तो स्वयंपाकावर निघाला.

हुणसूरचे गठ्ठे तयार होते. अप्पा एसटीने पाठव म्हणाले. मी किल्ली घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अडवलं नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

गाडी गल्लीतून बाहेर काढतानाच माझे खांदे भरून आले. मी काही पैलवान नाही, पण अप्पांपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे. मला वाटलं, चला, हातातला जोर आमच्या घराण्यात एकदमच गेला असावा. हुणसूर रोडला लागल्यावर मागे गठ्ठ्यांच्या वजनाने गाडी बसली आणि प्रत्येक उंचवट्यावर मागून खर्र खर्र आवाज यायला लागला, कापड फाडल्यासारखा. खड्डा आला की स्टेअरिंग अंगावर यायचं. मी स्वतःशीच म्हटलं, हात अप्पांचे गेलेत, मग गाडी मला का ओढते आहे? गणिताची बाई आहे मी. माणूस बदलला आणि उत्तर तेच आलं, तर चूक माणसात नाही एवढं तरी मला कळतं.

पुढचं काम एका खिळ्याने केलं. हुणसूरच्या अलीकडे पुढचं डावं चाक बसलं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने ते काढून स्टेपनी चढवली, मोबाइलवर बोलत बोलत, एकदाही चाकाकडे न बघता. मी सावलीत उभी होते, गाडीच्या समोर. आणि मला दिसलं. डावं चाक, म्हणजे जुनं, मडगार्डच्या आत शहाण्यासारखं बसलं होतं. उजवं, म्हणजे भेटीचं, बाहेर आलं होतं. एकाच अंगरख्याच्या दोन बाह्या, एक खांद्यावर जोडलेली, एक दंडावर. मी वाकून मागच्या टायरची कड बघितली. मडगार्डला घासून घासून ती गुळगुळीत झाली होती. इतके महिने आम्ही सगळे त्या रिमांचं रूप बघत होतो, त्या बसल्यात कुठे हे कोणी बघितलं नव्हतं.

गठ्ठे पोचवून मी सावकाश घरी आले. अंगणात डिकीतली नवीन रिम काढून पालथी घातली, म्हणजे चमकणारी बाजू जमिनीकडे. माळ्यावरची एक जुनी रिम शेजारी तशीच पालथी घातली. दुकानातली लाकडी पट्टी रिमेच्या काठावर आडवी ठेवली आणि अप्पांच्याच टेपने पट्टीपासून खाली, जिथे रिम बोल्टने गाडीला आवळतात त्या तबकडीपर्यंत, मोजलं. आधी जुनी, मग नवी. फरक एका इंचाचा आला. नव्या रिमेच्या मागे आकडा कोरलेला होता, वीस. जुनीच्या मागे गंज खरवडल्यावर पंचेचाळीस. वजाबाकी तिसरीतलं पोरही करील.

ऑफसेट म्हणजे एवढंच. रिम हे एक रुंद कडं असतं. त्याच्या आत कुठेतरी ती तबकडी असते. ती रुंदीच्या बरोबर मध्यावर असली की ऑफसेट शून्य. मध्यापासून बाहेरच्या, म्हणजे गाडीपासून लांबच्या बाजूला ती जितके मिलिमीटर सरकलेली, तितका आकडा मोठा आणि तितकं चाक गाडीच्या पोटात बसतं. आकडा लहान केला की चाक बाहेर येतं. बाहेर आल्यावर ते मडगार्डला घासतं, हे तर दिसतंच. न दिसणारी गोष्ट अशी की चाक ज्या सांध्याभोवती वळतं तो सांधा आपल्या जागीच राहतो, टायर मात्र त्याच्यापासून लांब जातो. मग वळवायला जोर जास्त लागतो, खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट स्टेअरिंगला येतो आणि आतल्या बेरिंगवर नको तितका भार पडतो. व्यास, रुंदी, भोकं सगळं जुळलं तरी हा एक आकडा चुकला की रिम त्या गाडीची नाही. याला सैल म्हणत नाहीत, घट्टही म्हणत नाहीत. मूळ गाडीचा आकडा बघायचा आणि तोच घ्यायचा. इतकं सोपं असल्यामुळेच आमच्या घरात ते कोणी केलं नाही.

मी दुसऱ्याच दिवशी चारही जुन्या रिमा चढवून घेतल्या आणि अप्पांना म्हटलं, चला, कडकोळपर्यंत जाऊन येऊ, तुम्ही चालवा. ते नाही म्हणाले. मी कारण सांगितलं नाही, नुसतीच हटून बसले. ते हात चोळत गाडीत बसले आणि पहिल्याच वळणावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. स्टेअरिंग एका हाताने फिरलं होतं. नंजनगूडच्या रस्त्याला कारखान्यांच्या ट्रकांमधून त्यांनी गाडी अशी सरळ नेली की मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. परत येताना ते शीळ वाजवत होते. मी जन्मात त्यांना शीळ वाजवताना ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती येतही नव्हती.

घरी आल्यावर मी त्यांना अंगणात नेलं. दोन्ही प्रकारच्या रिमा होत्या, पट्टी होती. टेप मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं, टेप उलटा धरून पुन्हा मोजलं. मी आकडे दाखवले आणि उत्साहात सगळं सांगून टाकलं. हात काही गेलेले नाहीत, वय बिय काही नाही, ही चाकं एक इंच बाहेर होती, म्हणून. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी टेप गुंडाळला. एक इंच म्हणजे त्यांची दोन बोटं. त्यांची बोटं बारीक होती.

"सैल घे म्हणून मीच सांगितलं की," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत, त्याने बघायला हवं होतं. ते दुकानात गेले. मी मागोमाग गेले तेव्हा ते टेबलाशी उभे होते आणि त्यांनी कारागिराला बाजूला व्हायला सांगितलं होतं. शाळेचं निळं कापड थर लावून ठेवलेलं होतं. त्यांनी कात्री उचलली आणि एका दमात कापत नेली. खालचा थर मी उलटून बघितला. धागाभर फरक नव्हता. कारागीर माझ्याकडे बघून हसला, मीही हसले आणि लगेच फोन लावला.

भावाला लावला, दुसऱ्या कोणाला? गाडीला गिऱ्हाईक ठरवलं आहे असा त्याचा निरोप सकाळीच आला होता. मी मनात सगळं भाषण रचलं होतं. पंचेचाळीस, वीस, बेरिंग, मडगार्ड, आणि शेवटी त्याच्या फळांचाही समाचार घेणार होते. त्याने फोन उचलला आणि विचारलं, "अक्का, अप्पा काय म्हणतात गाडीचं?"

मी तोंड उघडणार एवढ्यात अप्पांनी कात्री न थांबवता, मान वर न करता, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "हात गेले म्हणून सांग त्याला, कणम्मा. माप चुकलं म्हणून सांगू नको."

मला आधी ते कळलंच नाही. मी फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. मग कळलं. भावाला खरं सांगितलं असतं तर त्याने पहिलं वाक्य हेच म्हटलं असतं की अप्पाच म्हणाले होते, सैल घे. ते खरंही होतं. संध्याकाळपर्यंत ते ग्रुपवर गेलं असतं, हसऱ्या चेहऱ्यांसकट, आणि पुढच्या एकादशीला मान खाली घालून प्रसाद खाणारी सगळी डोकी वर झाली असती. हात म्हातारे होतात, सगळ्यांचे होतात, त्यात कोणाचं काही जात नाही. माप चुकणं वेगळं. त्यासाठी ते गाडी द्यायला तयार होते. त्यांना जे परत हवं होतं ते त्यांच्या हातात होतं आणि ते कापड कापत होतं.

फोनमधून भाऊ हॅलो हॅलो करत होता. मी म्हटलं, "हो रे. हातात जोर राहिला नाही त्यांच्या. विकून टाक."

 तो अगदी मऊ आवाजात म्हणाला की त्यांना वाईट वाटेल असं काही बोलू नकोस, जपून घे. त्याच्या आवाजात खरी माया होती, कबूल करते. म्हणूनच तर मला त्याला शिव्याही देता आल्या नाहीत. ही सोय त्याने कायम ठेवली आहे.

गिऱ्हाईक पुढच्या रविवारी आलं. नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ, साधारण माझ्याच वयाचे. गाडीला लोखंडी चाकंच ठेवली होती. अलॉयचं विचारलं असतं तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांनी गाडी फिरवून आणली, उतरले आणि खूश होऊन म्हणाले की इतकी जुनी गाडी, पण स्टेअरिंग किती हलकं. मग त्यांनी कन्नडमधून सहज विचारलं, इतकी चांगली ठेवलेली गाडी का विकताय?

अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. खडूची पूड अजून त्यांच्या बोटांना होती, कारण सकाळपासून ते एका अख्ख्या वर्गाचे शर्ट कापत होते. त्यांनी दोन्ही हात त्या गृहस्थांसमोर धरले आणि थरथर कापून दाखवले. अगदी हुबेहूब. त्या गृहस्थांनी हळहळून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.